बर्फातली सुरमई, टाकीतले पाणी

फ्रीजरमधले सुरमईचे पाकीट ओट्यावर काढून ठेवायचे, मग आंघोळ, पूजा, भाजी आणणे उरकायचे आणि अकरा-साडेअकराला बोटाने दाबून पाहायचे, ही बडोद्याच्या कारेलीबागेतल्या मासे खाणाऱ्या घरांची रविवारची रीत. बर्फ सुटला नसला की पाकीट खिडकीतल्या उन्हात किंवा शेगडीशेजारी सरकते; वेळ फारच कमी असला तर गरम पाण्याच्या पातेल्यात जाते. या घाईबद्दल दोन प्रकारचे उपदेश ऐकू येतात. एक म्हणतो, घाई कशाला, आदल्या रात्रीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दुसरा म्हणतो, एवढे काय, शेवटी उकळणारच आहे ना! पहिला बरोबर आहे, पण पाहुणे जेवायला येणार असल्याचा फोन सकाळी दहाला आला तर त्याचा उपयोग शून्य. दुसरा सोयीचा आहे, पण चुकीचा आहे. माझे म्हणणे असे की गोठवलेला मासा झटपट वितळवणे आणि सुरक्षितपणे वितळवणे यांत मुळात भांडण नाहीच. ओट्यावरच्या पाकिटाचे जे बिघडते ते बर्फ फार हळू सुटतो म्हणून बिघडते. बर्फ लवकर सुटावा आणि माशाची बाहेरची बाजू मात्र गारच राहावी, एवढे साधले की काम झाले. ते साधायला बडोद्याच्या उन्हाळ्यात थोडी वेगळी अक्कल चालवावी लागते, कारण या विषयावरच्या बहुतेक सूचना थंड देशांतल्या नळांसाठी लिहिलेल्या आहेत.

बडोद्याला समुद्र नाही. गायकवाडांच्या दरबारामागोमाग इथे स्थिरावलेल्या मराठी घरांनी, आणि त्यांत कायस्थ प्रभूंची घरे बरीच, कोकणातली जीभ सोबत आणली, पण किनारा काही आणता आला नाही. सौराष्ट्रातले वेरावळ हे गुजरातेतले मासळीचे मोठे बंदर इथून सुमारे चारशे किलोमीटर. तिथून बर्फात येणारी मासळी ट्रकमध्ये, मग बाजारात, मग स्कूटरच्या डिकीत असा प्रवास करते. याउलट कारखान्यात उणे ३५-४० अंशांना झपाट्याने गोठवलेली कोळंबी तो प्रवास थांबलेल्या अवस्थेत करते. म्हणून इथे गोठवलेल्या पाकिटाला दुय्यम समजण्याचे कारण नाही. वर्षातल्या काही दिवसांत तर त्याला पर्यायच नसतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, गुजरातेत ती अलीकडे ऑगस्टच्या मध्यापर्यंतही लांबली आहे. आपला आखाड, म्हणजे श्रावणापूर्वी मासे-मटण मनसोक्त खाऊन घेण्याचा काळ, नेमका याच दिवसांत येतो. गटारीला ताटात पडलेले पापलेट हे बहुतेक वर्षी फ्रीजरमधूनच आलेले असते, मग ते दुकानाच्या फ्रीजरमधून असो की आपल्या. तेव्हा ते नीट वितळवता येणे हे इथल्या मासेखाऊच्या मूलभूत शिक्षणात मोडते.

आता संथपणाचा दोष कुठून येतो ते पाहू. बर्फ उष्णता चांगली वाहून नेतो. पाणी त्याच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याने. माशातही हेच होते: गोठलेल्या मांसातून उष्णता जितकी सहज जाते त्याच्या साधारण एक-तृतीयांश सहजतेने ती वितळलेल्या मांसातून जाते. परिणाम असा की मासा बाहेरून सुटायला लागला की सुटलेला थरच आतल्या बर्फाभोवती गोधडीसारखा बसतो आणि पुढचे वितळणे मंदावते. त्यात एक किलो शून्य अंशाच्या बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी करायला ८० किलोकॅलरी लागतात, म्हणजे तेवढ्याच पाण्याला शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवण्याइतकी उष्णता. ती हवेतून मिळवायची तर हवा ही फारच कंजूष. स्थिर हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्याएवढी. म्हणून ओट्यावर दोन-अडीच तास ठेवलेल्या किलोभर पाकिटाच्या मधोमध दगड असतो आणि कडा मात्र खोलीइतक्या उबदार झालेल्या असतात. मे महिन्यात बडोद्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पंख्याखालच्या स्वयंपाकघरातही ३५-३६ अंश सहज असतात. पाकिटाची ही कडाच आपल्या काळजीचे ठिकाण.

कारण गोठवण्याने जिवाणू मरत नाहीत, झोपतात. उणे २० अंशांत आठवडाभर ठेवल्याने माशांतले काही परजीवी कृमी मरतात हे खरे, पण जिवाणूंचा मोठा वाटा तग धरतो आणि ऊब मिळताच कामाला लागतो. ५ ते ६० अंशांचा पट्टा त्यांच्या वाढीचा मानतात आणि त्यातही तिशीच्या आसपासचे तापमान त्यांना विशेष मानवते. अशा वेळी काही जाती दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. समुद्रातल्या माशांबरोबर येणारा व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस तर याहून चपळ आहे, अनुकूल स्थितीत दहा-बारा मिनिटांतही तो दुप्पट होऊ शकतो. १९५० साली जपानमधल्या ओसाकात छोट्या माशांमधून झालेल्या विषबाधेच्या वेळी तो प्रथम ओळखला गेला. अमेरिकेच्या कृषी खात्याचा घरगुती नियम असा की नाशवंत अन्न खोलीत एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासापेक्षा जास्त नको. तिकडे हा ‘एक तास’ उन्हाळ्यातल्या सहलींसाठी सांगतात. कारेलीबागेत मार्चअखेरपासून जूनपर्यंत, आणि ऑक्टोबरच्या दुपारीही, तो स्वयंपाकघराचाच नियम ठरतो. ओट्यावरची रीत एवढ्याने निकालात निघते.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: कालवण खदखदून उकळले की जिवाणू मरणार, मग बिघडले कुठे? जिवाणू मरतात हे खरे. पण त्यांनी मरण्यापूर्वी जे करून ठेवलेले असते ते सगळे मरत नाही. बांगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा उबदार राहिला की काही जिवाणू त्याचे हिस्टामीन करतात. हे हिस्टामीन ना उकळण्याने जात, ना तळण्याने, ना पुन्हा गोठवण्याने. वासावरूनही ते नेहमी कळत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत तोंडाभोवती आग, चेहरा लाल, डोके ठणकणे, अंगावर गांधी, कधी उलट्या-जुलाब. घरात याला ‘मासे उष्ण पडले’ किंवा ‘ॲलर्जी झाली’ असे नाव मिळते आणि बिचारा बांगडा कायमचा बदनाम होतो. हाताच्या त्वचेवरून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूचे विषही उकळ्या सोसून टिकते. हळद-मीठ लावून ठेवले आहे ना, या समजुतीचेही तसेच. मीठ-हळदीने हिमूस वास कमी होतो, मांस थोडे घट्ट होते, चव मुरते; पण चिमूटभर हळद म्हणजे फ्रिज नव्हे. कोकमाच्या आगळाचे आणि लिंबाचेही हेच. लावायचे असेल तर जरूर लावा, पण ते भांडे मुरायला फ्रिजमध्ये ठेवा. आजी बाहेर ठेवायची, असे कोणी म्हटले तर एवढेच लक्षात घ्यावे की आजीकडे सकाळी आणलेला मासा दुपारी ताटात असे. त्याला अर्धवट वितळून तासन् तास पडून राहायची संधीच नव्हती.

मग लवकर कसे? पाण्याने. हवा कंजूष, पाणी उदार, हे वर आलेच. हलत्या गार पाण्यात बुडालेल्या माशाला उष्णता वेगाने मिळते आणि तरीही त्याची बाहेरची बाजू पाण्याच्या तापमानापलीकडे जाऊच शकत नाही. हवेच्या बाबतीत वेग आणि गारवा यांपैकी एकच मिळतो, पाण्यात दोन्ही मिळतात, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा कणा हाच आहे. नियमही तेच सांगतात. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उपाहारगृहांसाठी केलेल्या तपासणी-यादीत सागरी खाद्य १५ अंशांच्या किंवा त्याहून गार, पिण्यायोग्य वाहत्या पाण्यात ९० मिनिटांच्या आत वितळवावे असे म्हटले आहे. अमेरिकेतल्या उपाहारगृहांच्या नियमांत ही मर्यादा २१ अंशांची आहे. घरासाठी त्यांचा सल्ला ‘थंड नळाच्या पाण्यात ठेवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला’ असा असतो. पण आपला थंड नळ कुठे आहे? आजव्याच्या सयाजी सरोवराचे असो की महीचे, पाणी आधी सोसायटीच्या तळटाकीत आणि मग गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीत जाते. मे महिन्यात दुपारी त्या टाकीखालचा नळ सोडला तर हात मागे घ्यावा लागतो. त्या पाण्यात पाकीट ठेवणे म्हणजे ओट्यावरचीच चूक अधिक वेगाने करणे.

यावर उपाय घरातच आहे आणि त्याला गणिताचा आधार आहे. अर्धा किलो मासा उणे १८ अंशांपासून वितळेपर्यंत साधारण ३५ किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. त्यात पाऊणहून जास्त वाटा पाण्याचा असल्याने बहुतेक खर्च बर्फ फोडण्यात जातो. म्हणजे पाच लिटर पाण्यात तो ठेवला तर तो स्वतःच ते पाणी सुमारे सात अंशांनी गार करतो. गोठलेला मासा हाही एक बर्फाचा तुकडाच, हे आपण विसरतो. माठातले पाणी बडोद्याच्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने साधारण २५-२७ अंशांपर्यंत उतरते. असे पाच लिटर पाणी मोठ्या पातेल्यात किंवा घमेल्यात काढायचे आणि त्यात फ्रीजरमधले दोन ट्रे बर्फ, म्हणजे चार-साडेचारशे ग्रॅम, टाकायचे. एक किलो बर्फ वितळून पुढे त्या पाण्याइतका होईपर्यंत शंभरएक किलोकॅलरी खातो, त्या हिशेबाने पाणी विशीच्या खाली येते. पुढचे काम मासा करतो आणि पंधराच्या आसपास पोहोचवतो. माठ नसेल आणि नळाचे ३४ अंशांचे पाणीच घ्यावे लागले तर बर्फ दुप्पट-अडीचपट लागेल, म्हणून आदल्या रात्री भरलेली बादली किंवा फ्रिजमधल्या दोन-तीन बाटल्या उपयोगी पडतात. पावसाळ्यात माठ फारसा गार होत नाही, पण तेव्हा टाकीही एवढी तापत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी काहीच करायला नको, नळ पुरे. कोणी म्हणेल, वितळवायला बर्फ घालायचा म्हणजे उलटी गंगा. पण २० अंशांचे पाणीही गोठलेल्या माशाच्या दृष्टीने चांगलेच गरम आहे आणि ३४ अंशांच्या हवेपेक्षा ते त्याला कितीतरी लवकर सोडवते. विश्वास बसत नसेल तर बाजारात स्वयंपाकाचा साधा डिजिटल थर्मामीटर मिळतो. तो पाण्यात बुडवून पाहावा. स्वयंपाकघरातला प्रश्न मोजून सोडवणे बडोद्याला नवे नाही, हंसाबेन मेहता कुलगुरू असताना १९५० सालीच इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली होती.

कृती सोपी आहे, पण तपशील चुकले तर फायदा जातो. मासा जाड, न गळणाऱ्या झिपच्या पिशवीत घालावा. पिशवी उघडी ठेवून हळूहळू पाण्यात बुडवत नेली की पाण्याच्या दाबाने आतली हवा निघून जाते. मग तोंड बंद करावे. हवा राहिली तर पिशवी तरंगते आणि वरची बाजू तशीच कडक राहते, म्हणून वर एक ताटली किंवा वरवंटा ठेवावा. नुसता मासा पाण्यात सोडण्याचा मोह टाळावा: चव आणि क्षार पाण्यात उतरतात, तुकड्या पाणी पितात, आणि पातेल्यातले जिवाणू माशाला, माशातले पातेल्याला लागतात. दर पाच-सात मिनिटांनी पाणी हाताने ढवळावे, कारण माशालगतचे पाणी अतिगार होऊन तिथेच थांबते. अर्ध्या तासात काम झाले नसेल तर पाणी बदलावे. वेळ किती लागेल हे वजनापेक्षा जाडीवर अवलंबून असते. जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीहून बराच जास्त, जवळजवळ चौपटीपर्यंत जातो. जर्मन अभियंता रुडॉल्फ प्लांक याने गेल्या शतकाच्या सुरुवातीला गोठण्याच्या वेळेचे जे सूत्र मांडले त्यातही जाडीचा वर्ग आहे. म्हणून सुटी गोठवलेली सोललेली कोळंबी दहा-पंधरा मिनिटांत मोकळी होते, बोटभर जाडीच्या सुरमईच्या तुकड्यांना वीस-तीस मिनिटे लागतात, ताटलीएवढ्या अखंड पापलेटाला अर्धा-पाऊण तास, आणि एकाच ढेकळात गोठलेल्या अर्धा किलो कोळंबीला तास. किलोभराचा अखंड मासा मात्र या मार्गाने आणू नये, त्याला फ्रिजच हवा. आणि पूर्ण मऊ होण्याची वाट पाहूच नये. मधे किंचित कडकपणा असतानाच पिशवी काढावी; धुऊन, पुसून, मसाला लावेपर्यंत तो जातो. सुरमई कापायची असेल तर याच अवस्थेत ती सुरीखाली नीट उभी राहते.

गरम पाण्याची बाजू घेणाऱ्यांकडेही पुरावा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०११ साली इंचभर जाडीच्या मांसाच्या चकत्या तीन प्रकारे वितळवून पाहिल्या: फ्रिजमध्ये १८ ते २० तास लागले, २० अंशांच्या हलत्या पाण्यात सुमारे २० मिनिटे, आणि ३९ अंशांच्या पाण्यात ११ मिनिटे. मांसाच्या प्रतीत चिंता करावी असा फरक पडला नाही, आणि इतक्या थोड्या वेळात जिवाणूंनाही वाढायला फारशी सवड नसते. मग आपण कोमट पाणी का नको म्हणतो? कारण त्या प्रयोगातले पाणी सतत फिरते आणि नियंत्रित होते, तुकडे एकसारखे पातळ होते, आणि घड्याळ हातात घेऊन कोणीतरी उभे होते. घरात पाकीट जाड असते, पातेले स्थिर असते आणि दरम्यान दाराची बेल वाजते. शिवाय मासा म्हणजे मांस नव्हे. कोळंबी-पापलेटाची प्रथिने जनावराच्या मांसाच्या मानाने कमी तापमानालाच आकसू लागतात, आणि कडक गरम पाण्यात कोळंबीच्या कडा आत बर्फ असतानाच गुलाबी होतात. त्या प्रयोगातला महत्त्वाचा आकडा माझ्या मते ११ नसून २० आहे. साध्या २० अंशांच्या पाण्यात फ्रिजपेक्षा पन्नास-साठपट वेग मिळत असेल तर पुढची नऊ मिनिटे वाचवायला धोका कशाला पत्करायचा?

याचा अर्थ फ्रिजची पद्धत मोडीत काढावी असा नाही. वेळ असेल तेव्हा तीच उत्तम: मासा पाणी कमी सोडतो, आणि बेत बदलला तर एखादा दिवस थांबता येते. पण तिच्यातही दोन मेख आहेत. खच्चून भरलेला आणि शंभरदा उघडणारा उन्हाळ्यातला फ्रिज आत पाच अंश असेलच असे नाही. माशाचे भांडे सगळ्यात खाली, मागच्या बाजूला, खोलगट ताटात असावे म्हणजे गळलेले पाणी कोथिंबिरीवर पडणार नाही. शाकाहारी शेजारपाजारात राहणाऱ्या घरांत वासाच्या धास्तीने मासा तीन पिशव्यांत बांधून ठेवतात. तेवढ्याने तो वितळायला दीड दिवस लागतो, एवढे लक्षात असावे. दुसरी मेख हवाबंद पाकिटांची. पॅकिंगमधली हवा पूर्ण काढलेली असली तर फ्रिजमध्ये वितळवण्यापूर्वी ते पाकीट फोडावे किंवा मासा दुसऱ्या भांड्यात घ्यावा. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूच्या काही जाती हवेविना, साडेतीन अंशांच्या आसपासच्या गारव्यातही वाढू शकतात आणि त्यांचे विष जीवघेणे असते. असे घडणे विरळ आहे, पण कात्री लावायला कितीसा वेळ लागतो? गार पाण्यात अर्ध्या तासासाठी बुडवायचे असेल तर ही अडचण येत नाही.

बाकीच्या उपायांचे थोडक्यात. मायक्रोवेव्ह बर्फापेक्षा पाण्याला फार चटकन तापवतो, त्यामुळे जिथे आधी थेंब सुटला तिथलेच मांस शिजते आणि शेजारी बर्फ तसाच. वापरायचाच तर कमी शक्तीवर, मिनिट-दीड मिनिटाने उलटत, आणि लगेच शिजवायचे असेल तरच. पातळ तुकड्यांसाठी ॲल्युमिनियमची जुनी परात उत्तम, कारण स्टीलच्या सुमारे पंधरापट सहजतेने ती उष्णता वाहून नेते. परात पालथी घालून तिच्यावर पिशवी, पिशवीवर नळाचे पाणी भरलेले ॲल्युमिनियमचे पातेले: दोन्हीकडून उष्णता मिळते आणि अर्ध्या तासात पातळ तुकड्या सुटतात. आणि सर्वांत झटपट उपाय म्हणजे वितळवायचेच नाही. कालवणात, आमटीत, भातात जाणारी सुटी कोळंबी फ्रीजरमधून काढून, वरचा बर्फाचा पापुद्रा नळाखाली धुऊन, सरळ उकळत्या रश्श्यात घालता येते. फक्त शिजायला दीडपट वेळ धरावा आणि वाढण्यापूर्वी सगळ्यात मोठी कोळंबी मोडून आत पाहावी. तो पापुद्रा कारखान्यात मुद्दाम चढवलेला असतो, कोळंबी सुकू नये म्हणून. त्याचे वजन वगळून आत किती माल आहे ते पाकिटावर पाहायची सवय खिशाला मानवते. तळायचे असेल तर मात्र ही सवलत नाही. बर्फाचा कण कढत तेलात पडला की तेल उसळून हात भाजतो. वितळवून, फडक्याने टिपून, मगच रवा. बोंबलाची गोष्ट न्यारी: तो जवळजवळ नव्वद टक्के पाणीच, त्यामुळे पूर्ण सुटला की लगदा होतो. अर्धवट कडक असतानाच चिरून, मीठ लावून, दोन ताटांमध्ये वजनाखाली फ्रिजमध्ये दाबून ठेवला तरच तो तव्यावर जागचा राहतो.

पाण्याच्या नासाडीचा आक्षेप योग्य आहे. नियमांतले ‘वाहते पाणी’ अक्षरशः पाळायचे तर मिनिटाला सहा-सात लिटर धरून वीस मिनिटांत सव्वाशे लिटर मोरीत जातील. ढवळलेले पाच लिटर आणि फार तर एकदा बदललेले पाच, एवढ्यात तेच काम होते, आणि पिशवी गळलेली नसेल तर ते पाणी कुंड्यांना जाते. गळली असेल तर मोरीत ओतून पातेले साबणाने घासावे. मोरी, सुरी, पाट आणि हातही. कोशिंबिरीची काकडी त्याच पाटावर चिरली तर आतापर्यंतची सगळी शिस्त वाया.

गार पाण्यात वितळलेला मासा शिजवल्याशिवाय पुन्हा गोठवू नये. फ्रिजमध्ये वितळलेला गोठवता येतो, पण दुसऱ्या खेपेला तो कोरडा आणि भुसभुशीत लागतो. हा नियम न ठरवता वितळलेल्या माशांनाही लागू आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला आणि शहराच्या बऱ्याच भागांत वीज गेली तेव्हा पाण्याबरोबर फ्रीजरचाही प्रश्न उभा राहिला. (श्रावण चालू होता, म्हणून मराठी घरांतले फ्रीजर बहुधा रिकामेच असावेत, हा त्यातल्या त्यात दिलासा.) न उघडलेला, गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीजर साधारण ४८ तास गारवा धरतो, अर्धा भरलेला २४ तास, एकदारी फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्याचा मात्र एवढा भरवसा धरू नये. वीज आल्यावर माशात बर्फाचे स्फटिक दिसत असतील आणि तो पाच अंशांच्या खाली असेल तर पुन्हा गोठवायला हरकत नाही. आपण घरी नसताना काय झाले हे कळायला एक स्वस्त युक्ती आहे: वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवायचे. परतल्यावर नाणे तळाशी सापडले तर मधे सगळे वितळून पुन्हा गोठले होते. पाकिटे बाहेरून कितीही टणक असोत, ती टाकून द्यावीत.

आणि खरे पाहता वितळवण्याची निम्मी घाई गोठवतानाच वाचवता येते. बाजारातून आणलेली कोळंबी सोलून आपण डब्यात भरतो आणि डबा फ्रीजरमध्ये ढकलतो. चार बोटे जाडीचा तो ठोकळा गोठायला रात्र घेतो आणि सुटायला तास-दीड तास. तीच कोळंबी झिपच्या पिशवीत पसरून, हवा काढून, लाटण्याने हलकेच दाबून दीड-दोन सेंटिमीटरचा थर केला आणि ताटावर आडवी ठेवून गोठवली, तर ती लवकर गोठते, म्हणून तिच्यात मोठे स्फटिक कमी होतात आणि वितळताना पाणीही कमी सुटते. सुरमईच्या तुकड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे प्लॅस्टिकचा कागद, आणि एका जेवणाला पुरतील तेवढ्याच एका पिशवीत. गोठल्यावर या पिशव्या वह्यांसारख्या उभ्या लावता येतात, वर मासा, वजन आणि तारीख लिहिलेली. पाहुण्यांचा फोन दहाला आला, पिशवी सव्वादहाला माठाच्या पाण्यात पडली, तर पावणेअकराला कोळंबी मोकळी होऊन लसणाची वाट पाहत असते.